नको त्या फोनचा बंदोबस्त



आज आपण धानावरच्या किडीबद्दल किंवा खताच्या मात्रेबद्दल बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या खिशातल्या मोबाईलबद्दल आणि त्यावर वेळीअवेळी येणाऱ्या नको त्या फोनबद्दल. रोवणीच्या चिखलात उभे असताना फोन वाजतो. हात धुवावेत, धुऱ्यावर यावे, फोन कानाला लावावा, तर पलीकडून कोणी घाईघाईच्या हिंदीत विचारते, "आपको लोन चाहिए?" कधी विमा असतो, कधी शहरातला प्लॉट, कधी गाण्यांची सेवा, कधी घरपोच बियाणे नाही तर औषध. कधी कधी तर पलीकडे माणूसही नसतो. आधीच भरून ठेवलेला आवाज वाजत असतो आणि एक दाबा, दोन दाबा म्हणून सांगत असतो.

हा नुसता कटकटीचा प्रश्न असता तर त्यावर आपला एवढा वेळ घेण्याचे कारण नव्हते. खरे नुकसान पुढेच आहे. या फोनला कंटाळून आपल्यापैकी पुष्कळांनी अनोळखी नंबर उचलणेच सोडून दिले आहे. कोणी दिवसभर फोनचा आवाज बंद ठेवतात. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे परवडणारे नाही, बरं का.

का परवडणारे नाही ते पाहा. आपली मुले आश्रमशाळेत, वसतिगृहात राहतात. मूल तापाने फणफणले तर गुरुजी स्वतःच्या मोबाईलवरून फोन करतात, आणि त्यांचा नंबर आपल्याकडे असतोच असे नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन येतो. धान खरेदी केंद्रावरून निरोप येतो, चुकाऱ्याच्या कागदात त्रुटी असल्याचे कळवले जाते. वाघ अमुक शिवारात दिसला, आज मोहफुलाला त्या बाजूने जाऊ नका, हे वनरक्षक फोनवरच सांगतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला. तेव्हापासून हत्ती कोणत्या गावाकडे वळले हे वेळेवर कळणे म्हणजे जीव आणि उभे पीक वाचवणे झाले आहे. यातला प्रत्येक फोन अनोळखी नंबरवरून येऊ शकतो.

तेव्हा आपल्याला दोन गोष्टी साधायच्या आहेत. नको तो फोन बंद झाला पाहिजे, आणि हवा तो फोन चुकता कामा नये. यासाठी कायद्याने आपल्याला साधने दिलेली आहेत. ती साध्या बटणांच्या फोनवरही चालतात आणि त्यांना एक पैसा लागत नाही. मात्र ती एकट्याने वापरली तर थोडा उपयोग होतो, गावाने मिळून वापरली तर पुष्कळ होतो. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

आपला नंबर त्यांच्याकडे जातो कसा?

पुष्कळांना वाटते की आपला नंबर कोणी तरी मुद्दाम शोधून काढला. तसे नसते. नंबर बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो. जत्रेत नाही तर बाजारात सोडतीचे कुपन भरले, त्यावर नंबर लिहिला. दुकानात वस्तू घेतली, वहीत नंबर लिहिला. कोणत्या तरी मेळाव्यात नाव नोंदवले. मुलाने मोबाईलवर कर्जाचे किंवा खेळाचे ॲप उतरवले आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला परवानगी दिली. अशा ठिकठिकाणच्या नंबरांच्या याद्या तयार होतात आणि एका हातातून दुसऱ्या हातात जातात. काही वेळा तर यादीही लागत नाही. यंत्र एकामागून एक नंबर फिरवत जाते.

फोन करणाऱ्याला खर्च अगदी थोडा येतो. शेकडो लोकांनी फोन ठेवून दिला आणि एकाने होकार दिला, तरी त्याचे भागते. म्हणून आपण रागावलो, ओरडलो, शिव्या दिल्या, तरी त्याच्यावर काही परिणाम होत नाही. शिवाय फोनवर बोलणारा मुलगा किंवा मुलगी कुठल्या तरी शहरात पगारावर बसलेली असते. तिला शिव्या देऊन मालकाचे काही बिघडत नाही. मालकाचा फोन बंद पडला तरच तो वठणीवर येतो. तो बंद कसा पाडायचा, हे आज शिकायचे आहे.

इतके मात्र आजपासून करावे की, कुपनावर, दुकानाच्या वहीत किंवा कोणत्याही फॉर्मवर नंबर देण्याआधी विचारावे, "हा कशासाठी हवा?" जेथे कामच नाही तेथे नंबर देऊ नये. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक जसे आपण जपून ठेवतो, तसाच मोबाईलचा नंबर जपावा.

पहिले काम: १९०९ वर नोंदणी

देशातल्या टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी १९९७ साली भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. त्याला थोडक्यात 'ट्राय' म्हणतात. ज्यांना जाहिरातीचे फोन नको असतील त्यांची देशव्यापी नोंदवही २००७ साली सुरू झाली. पुढे २०१० आणि २०१८ साली नियम नव्याने केले गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले.

या नोंदवहीत आपले नाव घालणे अगदी सोपे आहे. आपल्या मोबाईलवरून १९०९ हा नंबर लावावा. कंपनी कोणतीही असो, नंबर हाच आहे आणि फोन फुकट आहे. भाषा निवडावी आणि सांगितल्याप्रमाणे बटणे दाबून किंवा माणसाशी बोलून सांगावे की, "मला जाहिरातीचे सगळे फोन आणि मेसेज बंद करायचे आहेत." ज्यांना मेसेज पाठवता येतो त्यांनी इंग्रजीत 'स्टार्ट' हा शब्द लिहावा (एस, टी, ए, आर, टी), एक जागा सोडून शून्याचा आकडा लिहावा आणि हा मेसेज १९०९ ला पाठवावा. नोंद झाली की आपल्याला उलट मेसेज येतो. तो पुसून टाकू नये. एकदा केलेली नोंद आपण स्वतः बदलेपर्यंत राहते.

येथे एक शंका हमखास निघते. सगळे फोन बंद केले तर बँकेचे, सरकारचे निरोप पण बंद होतील काय? नाही. बंद होतात ते फक्त विक्रीचे आणि जाहिरातीचे. खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज, व्यवहाराचा ओटीपी, सरकारी खात्याची सूचना, हवामानाचा इशारा हे सर्व पूर्वीसारखेच येत राहते. गुरुजींचा, डॉक्टरांचा, पाहुण्यांचा फोन तर थांबण्याचा प्रश्नच नाही.

दुसरी शंका अशी की, "आम्ही नोंदणी केली, तरी फोन येतातच." हे खरे आहे. कारण विक्रेते दोन जातींचे आहेत. एक नोंदणी केलेले आणि दुसरे चोरटे. नोंदणी केलेला विक्रेता नोंदवही पाहूनच फोन करतो. चोरटा नोंदवही पाहतच नाही. त्याच्यासाठी पुढचा उपाय आहे. तसेच एखाद्या कंपनीला आपण स्वतःच फॉर्मवर सही करून परवानगी दिली असेल, तर तिचे फोन येऊ शकतात. ती परवानगी आपल्याला केव्हाही मागे घेता येते.

फोन कोणाचा, हे आकड्यांवरून ओळखा

जंगलात पायाचा ठसा पाहून आपण जनावर ओळखतो. तसे फोनच्या पहिल्या आकड्यांवरून फोनची जात ओळखता येते. तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) नंबर १४० ने सुरू होत असेल तर तो जाहिरातीचा फोन आहे. नोंदणी केलेल्या विक्रेत्यांना हीच मालिका दिलेली आहे. हा फोन न उचलला तरी आपले काही अडत नाही.

२) नंबर १६०० ने सुरू होत असेल तर तो बँक, विमा कंपनी किंवा सरकारी कार्यालय यांचा कामाचा फोन असतो. ही मालिका २०२४ साली ठरवून दिली गेली. या नंबरवरून माल विकायचा नाही असा नियम आहे. हा फोन उचलावा. पण उचलला म्हणून ओटीपी किंवा पिन मात्र याही नंबरवर सांगू नये.

३) नंबर साधा, दहा आकडी, आपल्या-तुपल्यासारखा असेल तर तो कोणाचाही असू शकतो. गुरुजींचा असेल, वनरक्षकाचा असेल, बांबूच्या किंवा तेंदूच्या ठेकेदाराचा असेल. तो उचलावा. पण त्यावर कोणी कर्ज, विमा, प्लॉट असा माल विकू लागला तर समजावे की हा चोरटा विक्रेता आहे. साध्या दहा आकडी नंबरवरून असा विक्रीचा धंदा करण्यास बंदी आहे.

मेसेजचेही असेच आहे. २०२५ पासून कंपन्यांच्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येते. 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' असेल तर सेवेची माहिती, 'टी' असेल तर पैशाचा व्यवहार आणि 'जी' असेल तर सरकारी निरोप. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून ही चार अक्षरे एकदा ओळखून घ्यावीत.

नुसते 'ब्लॉक' करून भागत नाही

नव्या फोनमध्ये नंबर 'ब्लॉक' करण्याची सोय असते. ती वापरावी, त्यात वावगे काही नाही. पण त्याने काय होते ते समजून घ्यावे. समजा, धानावर तुडतुडे आले. आपण एकट्याने आपल्या बांधीत फवारणी केली आणि शेजारच्या दहा बांध्या तशाच राहिल्या. चार दिवसांनी तुडतुडे पुन्हा आपल्याच बांधीत. ब्लॉक करणे म्हणजे तसेच आहे. तो नंबर आपल्यापुरता दिसेनासा होतो, पण चालूच राहतो आणि शेजाऱ्याला, भाच्याला, म्हाताऱ्या आईला त्रास देत राहतो. उद्या तोच विक्रेता दुसऱ्या नंबरवरून आपल्यालाही गाठतो.

तक्रार केली तर मात्र नंबरच मुळासकट जातो. हे नुसते बोलणे नाही. २०२४ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत देशात चोरट्या विक्रेत्यांविरुद्ध ७ लाख ९० हजारांच्या आसपास तक्रारी झाल्या. त्यानंतर १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने टेलिफोन कंपन्यांना कडक आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रायने जाहीर केले की, मागच्या एका वर्षात असे २१ लाखांहून अधिक नंबर बंद करण्यात आले. लोकांनी तक्रारी केल्या म्हणून हे झाले.

पाच तक्रारींचा नियम

आता आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही नीट ऐकावी, नीट वाचावी आणि दुसऱ्याला सांगावी.

पूर्वी एखाद्या नंबरविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कंपनीने कारवाई करावी असा नियम होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बदलला. आता दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई करावी लागते. पहिल्या वेळी त्या विक्रेत्याच्या सर्व नंबरांवरून बाहेर फोन करणे १५ दिवस बंद होते. पुन्हा तोच गुन्हा केला तर त्याची सर्व जोडणी एक वर्षासाठी तोडली जाते आणि त्याचे नाव काळ्या यादीत जाते. पूर्वी कारवाईला ३० दिवस मिळत, आता ती ५ दिवसांत करावी लागते.

म्हणजे किती माणसे लागली? पाच. हजार नाहीत, शंभर नाहीत. पाच वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी, त्याही एकाच गावातल्या असल्या पाहिजेत असे नाही. पण आपल्या गावातून दोन-तीन गेल्या आणि शेजारच्या गावातून दोन गेल्या तर काम झाले. ज्या यादीतून आपला नंबर निघाला, तिच्यात बहुधा आपल्या शेजाऱ्याचाही नंबर असतो, कारण कुपन आपण एकाच बाजारात भरलेले असते. तेव्हा "माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार" असे म्हणू नये. आपली तक्रार पाचवी असू शकते.

तक्रार कशी करावी?

तक्रारीला तीन गोष्टी लागतात. ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर, फोन आल्याची तारीख, आणि फोन कशाबद्दल होता हे एका वाक्यात. फोन येताच या तीन गोष्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात. दुधाचा हिशेब जसा आपण ठेवतो, तसेच.

मग १९०९ ला फोन लावावा आणि तक्रार सांगावी, किंवा याच तीन गोष्टी मेसेजने १९०९ ला पाठवाव्यात. मोठ्या पडद्याचा फोन असेल तर ट्रायचे 'डीएनडी' नावाचे ॲप आहे, त्यातूनही तक्रार करता येते. तक्रार झाली की तक्रार क्रमांक मिळतो. तो त्याच कॅलेंडरवर लिहावा.

आधी नोंदवहीत नाव घातले नसेल तरीही चोरट्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करता येते. हाही २०२५ सालचा बदल आहे.

मुदतीबद्दल सांगायचे तर, पूर्वी तक्रार तीन दिवसांत करावी लागे. आपल्याकडे हे कठीण होते. भामरागड, एटापल्ली, कोरची किंवा जिवतीच्या आतल्या गावांत रेंजसाठी टेकडीवर चढावे लागते, नाही तर तालुक्याला जावे लागते. तीन दिवस तर असेच निघून जात. आता मुदत सात दिवसांची आहे. सात दिवसांत एक आठवडी बाजार नक्की येतो. तेव्हा बाजारच्या दिवशी तेल-मिठाच्या यादीखाली एक ओळ आणखी लिहावी: १९०९ ला फोन.

गावाने मिळून करावयाचे काम

आपल्या भागाला मिळून काम करण्याची सवय आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणे आणि निर्णयाआधी अभ्यास गटात बसून विषय समजून घेणे, ही त्या गावाची रीत साऱ्या देशाला माहीत झाली. आज गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करतात. लिलावाचे कागद वाचणाऱ्या ग्रामसभेला १९०९ चा फोन अवघड नाही.

तेव्हा असे करून पाहावे. ग्रामसभेच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्यावा. ज्यांची नोंदणी झाली नाही त्यांची तेथेच करून द्यावी. गावात ज्यांना मराठीपेक्षा गोंडी, माडिया, तेलुगू किंवा बंगाली सोपी जाते, त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा एक जण नेमावा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा शाळेच्या भिंतीवर त्या आठवड्यात आलेले नकोसे नंबर तारखेसह लिहून ठेवावेत. म्हणजे एकाच नंबरवरून किती जणांना फोन आला ते दिसेल, आणि ज्याला ज्याला आला त्याने आपल्या स्वतःच्या मोबाईलवरून तक्रार करावी. ज्याला फोन आलाच नाही त्याने मात्र खोटी तक्रार करू नये. खोट्या तक्रारीने खऱ्या तक्रारीचे वजन जाते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणू नये अशी रीत आहे. भाषा समजली नाही तरी भिडेपोटी आपण "हो, हो" म्हणत जातो. आपण ते शिष्टाचार म्हणून म्हणतो आणि पलीकडे तो होकार धरला जातो. म्हणून अनोळखी विक्रेत्याला "हो" हा शब्दच देऊ नये. एवढेच बोलणे पुरे:

"हॅलो काका, एक छान योजना आहे, फक्त दोन मिनिटे..."

"कोणत्या कंपनीतून बोलता?"

"काका, आधी ऐकून तर घ्या..."

"मला नको. फोन ठेवतो."

आणि ठेवून द्यावा. कंपनीचे नाव सांगितले तर लिहून घ्यावे, तक्रारीत उपयोगी पडते. वाद घालत बसू नये. यंत्राचा आवाज एक दाबा, नऊ दाबा म्हणाला तर कोणतेही बटण न दाबता फोन तोडावा.

फोनवर बियाणे-औषध घेऊ नये

हंगामाच्या तोंडावर कोणी फोन करून सांगेल की, अमुक जातीचे धान दुप्पट उतरते, अमुक औषधाने करपा एका दिवसात जातो, आत्ताच पैसे पाठवा, माल घरपोच येईल. असा माल घेऊ नये. बियाणे, खत आणि औषध हे परवाना असलेल्या कृषी सेवा केंद्रातूनच घ्यावे. पक्की पावती घ्यावी. पावतीवर जात आणि लॉट नंबर लिहिलेला आहे की नाही ते पाहावे. पिशवी, तिचे लेबल आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. उद्या उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करायला हाच पुरावा लागतो. फोनवर घेतलेल्या मालाला अशी पावती नसली, तर दाद कोणाकडे मागणार?

फोनवर सल्ला हवाच असेल तर तो आपण फोन करून विचारावा. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१ आहे. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत फोन चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला आणि गडचिरोलीत सोनापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञ आपल्या मातीतले प्रश्न जाणतात.

विक्री वेगळी, फसवणूक वेगळी

आतापर्यंत आपण विक्रेत्यांबद्दल बोललो. ते त्रास देतात, पण त्यांना काही तरी विकायचे असते. काही फोन मात्र सरळ चोरीचे असतात, आणि ते विक्रीच्या फोनचाच वेष घेऊन येतात. तेंदूची मजुरी, धानाचे चुकारे, पीएम किसानचा हप्ता असा पैसा खात्यात येतो त्या दिवसांत विशेष सावध असावे.

"पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा," असा व्हॉट्सॲपवर निरोप आला तर ती फाईल उघडू नये. "तुमचा मोबाईल दोन तासांत बंद होणार, मी ट्रायमधून बोलतो," असा फोन आला तर तो खोटा समजावा. नंबर बंद करण्यासाठी ट्राय कोणालाही फोन करीत नाही. "तुम्हाला फोनवरच अटक झाली आहे, खोलीबाहेर पडू नका," असे कोणी पोलिसाच्या वेषात व्हिडिओवर सांगितले तरी घाबरू नये. फोनवर अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. आणि पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जातात, येत नाहीत. बँकेचे नाव सांगून कोणी फोन केला आणि मनात शंका आली, तर फोन ठेवावा आणि पासबुक घेऊन शाखेतच जावे.

एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर लाजू नये आणि लपवू नये. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा. तो सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितका पैसा वाटेत अडवला जाण्याचा संभव जास्त. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची वाट पाहू नये. त्याच घटकेला टेकडी चढावी लागली तरी चढावी. मग बँकेत आणि पोलीस ठाण्यात जावे.

थोडक्यात, हे लक्षात ठेवा

१) १९०९ वर आजच नोंदणी करावी. नोंदणी फुकट आहे. सरकारी आणि बँकेचे निरोप बंद होत नाहीत.

२) १४० म्हणजे जाहिरात. १६०० म्हणजे बँकेचे किंवा सरकारी काम. साध्या नंबरवरून माल विकणारा तो चोरटा.

३) नुसते ब्लॉक करून थांबू नये. नंबर, तारीख आणि विषय लिहून सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करावी.

४) दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई होते. म्हणून ज्या ज्या घरी फोन आला त्या प्रत्येकाने तक्रार करावी.

५) अनोळखी विक्रेत्याला "हो" म्हणू नये. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नये.

६) पैसे गेले तर त्याच क्षणी १९३०.

७) अनोळखी नंबर उचलणे सोडू नये. तो आश्रमशाळेचा असेल, दवाखान्याचा असेल, हत्तीची वर्दी देणाराही असेल.

हे पत्रक वाचून झाल्यावर घरात ठेवून देऊ नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे आणि पुढच्या बैठकीला बरोबर न्यावे.